सेप्सिसच्या रुग्णाची साखर ताब्यात आहे का, हे कसे मोजावे

तीव्र सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणे) झालेल्या रुग्णाची रक्तातील साखर ताब्यात आहे की नाही, हे चार्टवरच्या शेवटच्या आकड्यावरून ठरवू नये. (२०१६ च्या व्याख्येने ‘तीव्र’ हे विशेषण काढून टाकले, पण वॉर्डातल्या बोलण्यातून ते काही गेलेले नाही.) २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार साखर १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून वर गेली की इन्सुलिन सुरू करावे आणि त्यानंतर ती साधारण १४४ ते १८० च्या दरम्यान ठेवावी. म्हणून मोजायचे ते हे, की रुग्ण या पट्ट्यात किती वेळ राहिला आणि त्यातून खाली किती वेळा घसरला.

आधी नमुन्याची खात्री करावी. रक्तदाब टिकवणारी औषधे चालू असताना थंड, निळसर पडलेले बोट पिळून काढलेला थेंब विश्वासाचा नसतो; धमनीत नळी असेल तर रक्त तिथूनच घ्यावे आणि शक्य असल्यास रक्तवायू तपासणीच्या यंत्रावर किंवा प्रयोगशाळेत तपासावे. ज्या नळीतून डेक्स्ट्रोज (साखरेचे द्रावण) चालू आहे तिच्यातून नमुना घेतल्यास आकडा एकाएकी चारशेच्या घरात दिसू शकतो आणि त्यावर विसंबून इन्सुलिन वाढवले, तर रुग्णाच्या जिवावर बेतते. हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे प्रमाण) कमी असल्यास अनेक ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवतात, म्हणजे खरी घसरण झाकली जाते. प्रत्येक नोंदीसमोर वेळ आणि नमुन्याची जागा लिहावी.

इन्सुलिन सुरू केल्यावर साखर आणि इन्सुलिनचा वेग स्थिरावेपर्यंत दर एक-दोन तासांनी, नंतर दर चार तासांनी तपासावे.

खरी गफलत होते ती सरासरी काढताना. समजा, सकाळी ६ वाजता साखर २४०, ७ वाजता २२०, ८ वाजता २००, दुपारी १२ वाजता १६० आणि ४ वाजता १६० आली. पाच आकड्यांची साधी सरासरी १९६ येते. पण सकाळी साखर चढी होती म्हणूनच तेव्हा तपासण्या दाट झाल्या होत्या, हे ती सरासरी लक्षात घेत नाही. त्याऐवजी लागोपाठच्या दोन नोंदींची सरासरी काढून तिला मधल्या तासांनी गुणावे: २३० गुणिले १, २१० गुणिले १, १८० गुणिले ४ आणि १६० गुणिले ४. बेरीज १८०० झाली. तिला १० तासांनी भागले की कालभारित सरासरी १८० मिळते. पट्ट्यातला वेळही असाच काढावा. साखर ८ ते १२ दरम्यान सरळ रेषेत उतरली असे धरल्यास ती १० वाजता १८० वर आली, म्हणजे १० पैकी ६ तास, अर्थात ६० टक्के वेळ रुग्ण पट्ट्यात होता. नुसते आकडे मोजले असते, तर पाचपैकी दोन, म्हणजे ४० टक्केच हाती आले असते.

कमी साखरेचा हिशेब मात्र सरासरीत मिसळू न देता वेगळा ठेवावा: ७० च्या खाली किती वेळा गेली, ४० किंवा त्याहून खाली गेली का, आणि सर्वांत कमी आकडा कोणता. गुंगीच्या औषधांखाली असलेला रुग्ण घाम, थरथर, गोंधळ यांपैकी काहीच नीट दाखवत नाही, त्यामुळे नोंद हाच एक इशारा उरतो. जर्मनीतील सेप्सिसच्या रुग्णांवरील व्हिसेप चाचणीत साखर ८० ते ११० इतकी काटेकोर ठेवू पाहणाऱ्या गटात ४० किंवा त्याखालची घसरण १७ टक्के रुग्णांत झाली, दुसऱ्या गटात ४.१ टक्क्यांत, चाचणीचा तो भाग मध्येच थांबवावा लागला.

चढउतारासाठी प्रमाण विचलनाला (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत, त्याचे माप) सरासरीने भागून टक्केवारी काढावी, कारण एकदा ८० आणि एकदा २४० गाठणाऱ्या रुग्णाची सरासरीही १६० च येते.

संपूर्ण विभागाचा आढावा घेताना हे सर्व प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र काढून मगच एकत्र मांडावे. सगळ्यांच्या नोंदी एकाच ढिगात टाकल्या, तर तीन आठवडे राहिलेल्या एकाच रुग्णाच्या शेकडो तपासण्या दोन दिवसांत बाहेर पडलेल्यांना झाकून टाकतात.