पाणी न सुटणारं कोलस्लॉ

आपल्या ताटाची डावी बाजू चटणी-कोशिंबिरीची. आम्ही राहतो त्या नॉर्थ कॅरोलायनात तो मान कोलस्लॉचा, म्हणजे बारीक चिरलेल्या कच्च्या कोबीच्या कोशिंबिरीचा. मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं पोर्क सुटं करून पावात भरतात आणि वर कोलस्लॉचा गार थर देतात. लेक्सिंग्टनच्या बाजूला केचप आणि व्हिनेगर घालून ते लालसर करतात, मेयोनीज नाहीच. मला मात्र पांढरं, दाटसर आवडतं.

पहिल्या उन्हाळ्यात मी ते सकाळीच कालवून सहलीला नेलं. दुपारी डबा उघडला तर तळाशी पांढरं पाणी आणि वर लिबलिबीत कोबी. शेजारच्या आजींनी एकच विचारलं, "मीठ लावून पिळला होतास का?" मला आईची कोशिंबीर आठवली. मीठ अगदी वाढताना घाल, नाहीतर पाणी सुटतं, असं ती नेहमी सांगायची. इथे तेच पाणी आधी मुद्दाम काढून टाकायचं.

साधारण 900 ग्रॅमचा घट्ट, जड गड्डा घ्या. वरची पानं काढा, दांडा काढा आणि जमेल तितका बारीक, लांब चिरा. मी सांगलीहून आणलेल्या विळीवर चिरते. तसा एकसारखा कोबी मला सुरीने अजून जमलेला नाही. फूड प्रोसेसरच्या पात्याने भुगा करू नका, कोबी जितका ठेचला जाईल तितकं जास्त पाणी सुटतं. दोन गाजरं किसणीच्या मोठ्या भोकांनी किसून बाजूला ठेवा.

कोबीला दोन लहान चमचे मीठ चोळा आणि चाळणीत तासभर ठेवा. खाली भांडं ठेवायला विसरू नका. मग गार पाण्याखाली धुऊन खारटपणा घालवा, स्वच्छ सुती पंचात बांधा आणि दोन्ही हातांनी घट्ट पिळा. पुरे झालं असं वाटलं की आणखी एकदा पिळा. कोबी मऊ दिसेल, पण दाताखाली कुरकुरीतच लागेल.

आता कालवण. पाऊण कप मेयोनीज, दोन मोठे चमचे अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, एक मोठा चमचा साखर, एक लहान चमचा मोहरीचा सॉस, अर्धा लहान चमचा सेलरीचं बी आणि भरपूर ताजी मिरपूड, साखर विरघळेपर्यंत फेटा. मी वापरते त्या ड्यूक्स मेयोनीजमध्ये साखर नसते. तुमच्या बाटलीवरच्या यादीत साखर असेल तर वरची निम्मी करा. सेलरीचं बी मिळालं नाही तर सोडून द्या. त्याऐवजी ओवा घालू नका, त्याचा वास सगळ्यावर चढतो.

घरात कुणी अंडं खात नसेल तर बिनअंड्याचं मेयोनीज घ्या. मला स्वतःला निम्मं मेयोनीज आणि निम्मा चक्का आवडतो. चक्का आंबट असला तर व्हिनेगर एकच चमचा.

कोबी, गाजर आणि कालवण हलक्या हाताने एकत्र करा. सगळं कालवण एकदम ओतू नका, कोबीला नुसता लेप बसला पाहिजे. मीठ आता चाखून बघा, बहुधा लागत नाही. फ्रिजमध्ये तासभर ठेवलं की व्हिनेगरचा तिखटपणा उतरतो आणि चव मुरते.

बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. सहलीला न्यायचं असेल तर पिळलेला कोबी एका डब्यात, कालवण बरणीत, दोन्ही बर्फाच्या पेटीत. पाव गरम होईपर्यंत तिथेच कालवा.