टेको फाँट वापरताना या चुका टाळा

कबड्डी स्पर्धेचा फ्लेक्स असो की यूट्यूबचा थंबनेल, चौकोनी, ठसठशीत अक्षर हवं असलं की हात टेकोकडे जातो. मनुषी पारिख यांनी तो २०१४ साली इंडियन टाइप फाउंड्रीसाठी केला. ब, व, क यांचं पोट इथे गोल नाही, आयताकृती आहे; फक्त कोपरे मऊ केलेत. परवाना ओपन फाँट लायसन्सचा, त्यामुळे धंद्याच्या कामालाही फुकट. पण आहे तो मथळ्यांसाठी. त्यात अख्खा परिच्छेद लावला की वाचणाऱ्याचा दम निघतो.

मथळ्यातही सरसकट बोल्ड नको. बोल्ड एक-दोन शब्दांपुरता ठेवा: ‘कबड्डी’ बोल्डमध्ये, खालची लांब ओळ मीडियम किंवा सेमीबोल्डमध्ये. आणि मशीनवर फक्त रेग्युलर टाकून ‘बी’चं बटण दाबू नका. सॉफ्टवेअर मग अक्षराला नुसती सूज आणतं, आतल्या चौकोनी फटी बुजतात आणि लांबून ब आणि व सारखेच दिसतात. पाचही वजनं, म्हणजे बारीक ते जाड असे पाचही प्रकार, उतरवून घ्या.

सगळ्यात डोळ्यांत खुपणारी चूक म्हणजे ट्रॅकिंग, अर्थात अक्षरांमधलं अंतर, वाढवणं. इंग्रजी मथळा मोकळा केला तर शोभतो. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते. ट्रॅकिंग शून्यच ठेवा. ओळ भरत नसेल तर साइज वाढवा. ओळ मावत नसेल तर? बरेच जण अक्षर आडवं दाबतात. त्याने उभे दांडे बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते आणि टेकोचा सगळा तोल जातो. त्यापेक्षा मजकूर छाटा. (‘भव्य दिव्य’मधला एक शब्द गेला तर मंडळाचं काही बिघडत नाही.)

ओळींमधलं अंतर इंग्रजी पाहून ठरवू नका. वरच्या ओळीत ‘खेळाडूंची’ आणि खाली नेमकं ‘मार्गदर्शन’ आलं की डूचा ऊकार रफारावर आदळतो. आधी ओळ दुसरीकडे तोडून पाहा, मगच अंतर वाढवा.

आउटलाइन दिल्यावर प्रत्येक अक्षराच्या जोडावर उभी रेघ दिसते? फाँट खराब नाही. शिरोरेषा सलग दिसावी म्हणून शेजारची अक्षरं एकमेकांवर किंचित चढलेली असतात. मजकुराचे कर्व्ह करा (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात), ते आकार डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एकसंध करा, कोरलमध्ये वेल्डने किंवा इलस्ट्रेटरमध्ये युनाइटने, आणि मग आउटलाइन द्या, तीही बाहेरच्या बाजूने.

ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडत असेल, जोडाक्षरं फुटत असतील, तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत कंपोझर बदला: इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी, इलस्ट्रेटरमध्ये ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर थेट चिकटवला तर कचराच येणार. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं तर दोष टायपिंगचा: इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबून ऱ घ्या, मग हलंत आणि य.

शेजारी इंग्रजी शब्द असेल तर तो कॅपिटलमध्ये लिहा. टेकोची देवनागरी अक्षरं कॅपिटलच्याच मापाने काढलेली आहेत.

कर्व्ह करण्यापूर्वी फाइलची एक प्रत मजकुरासकट वेगळी ठेवा. प्रमुख पाहुण्यांचं नाव आदल्या रात्री बदलतंच.