स्पेसिफिकेशनमध्ये हॅश फंक्शनची नावं एकसारखी कशी लिहायची

प्रोटोकॉलचं किंवा फाइल फॉरमॅटचं स्पेसिफिकेशन लिहायला घेतलंय ना, मग हॅश फंक्शनचं (म्हणजे कोणत्याही डेटाचा छोटा ठसा काढणाऱ्या फंक्शनचं) नाव कसं लिहायचं ते सुरुवातीलाच ठरवून टाका, कारण नंतर तीन जणांनी तीन प्रकारे लिहिलेलं निस्तरत बसावं लागतं आणि तोवर कोणीतरी भलतंच फंक्शन कोडमध्ये घालून मोकळा झालेला असतो.

वाक्यात वाचायचं नाव वेगळं आणि मशीनसाठीचा आयडेंटिफायर वेगळा, हे आधी डोक्यात पक्कं करा, निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

वाचायचं नाव मूळ स्टँडर्डमध्ये छापलंय तसंच घ्यायचं. फिप्स १८०-४ या अमेरिकी सरकारच्या स्टँडर्डमध्ये एसएचए-१, एसएचए-२५६, एसएचए-५१२ अशी नावं आहेत, सगळी कॅपिटल अक्षरं आणि आकड्याआधी हायफन. पण २०१५ च्या फिप्स २०२ मध्ये फॅमिलीचं नाव एसएचए-३ आणि त्यातल्या फंक्शनचं नाव एसएचए३-२५६, म्हणजे तीनच्या आधी हायफन नाही, त्यामुळे एसएचए-३-२५६ असं लिहू नका. एमडी५ ला हायफन नाही, राइपएमडी-१६० ला आहे. यात नियम शोधायला जाऊ नका, जसं आहे तसं उचला.

आयडेंटिफायरच्या बाबतीत मात्र आपली आवडनिवड चालतच नाही. इंटरनेटवरचं कनेक्शन सुरक्षित करणाऱ्या टीएलएस १.२ प्रोटोकॉलच्या हॅश यादीत स्मॉल अक्षरात एसएचए२५६ आहे, एचटीटीपीच्या कंटेंट-डायजेस्ट हेडरमध्ये स्मॉल पण हायफनसकट एसएचए-२५६, दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या एसएसएचमध्ये एचमॅक-एसएचए२-२५६, पायथनमध्ये एसएचए३_२५६, आणि जेडब्ल्यूटी या सही केलेल्या टोकनच्या एचएस२५६ मध्ये तर एसएचए हा शब्दच नाही. सगळी आपापल्या जागी बरोबर आहेत. रजिस्ट्रीतून, म्हणजे त्या त्या ठिकाणच्या अधिकृत नावांच्या यादीतून, कॉपी-पेस्ट करा, कोडच्या फॉन्टमध्ये ठेवा, आणि अख्ख्या डॉक्युमेंटवर फाइंड-रिप्लेस कधीच मारू नका, आयडेंटिफायरमध्ये एक हायफन घुसला तरी दोन इम्प्लिमेंटेशनचं एकमेकांशी जमणार नाही. त्यापेक्षा एकच टेबल द्या: वाचायचं नाव, आयडेंटिफायर, ओआयडी (अल्गोरिदमला दिलेला ठरावीक ओळख क्रमांक), आउटपुट किती बिट.

आता खरी धोक्याची नावं. नुसतं एसएचए लिहू नका. १९९३ चं मूळ फंक्शन याच नावाचं होतं, त्याला आता एसएचए-० म्हणतात, आणि टीएलएसच्या जुन्या सायफर सूटच्या (एकत्र वापरायच्या अल्गोरिदमच्या संचाच्या) नावात शेवटी येणारं नुसतं एसएचए म्हणजे एसएचए-१. एसएचए-२ ही फॅमिली आहे, त्यामुळे ‘एसएचए-२ वापरावं’ ही रिक्वायरमेंट अर्धवटच राहते, कोणतं ते सांगा.

एसएचए-५१२/२५६ वर जरा थांबा. हे एक स्वतंत्र फंक्शन आहे, एसएचए-५१२ चा अर्धा कापलेला आउटपुट नव्हे, सुरुवातीच्या व्हॅल्यूच वेगळ्या असल्यामुळे उत्तरही वेगळं येतं. म्हणून ‘हे किंवा ते’ अशा अर्थाने हॅश नावांमध्ये स्लॅश वापरूच नका, आणि खरंच कापायचं असेल तर ‘एसएचए-५१२ च्या आउटपुटचे डावीकडचे २५६ बिट’ असं सरळ लिहा.

केचॅक-२५६ (एसएचए-३ ज्यावरून बनलं ते मूळ) आणि एसएचए३-२५६ पण एक नाहीत, पॅडिंग, म्हणजे इनपुटच्या शेवटी जोडले जाणारे बिट, वेगळं आहे. इथेरियम ही ब्लॉकचेन मूळ केचॅक वापरते, तरी सॉलिडिटी या तिच्या प्रोग्रामिंग भाषेत बराच काळ त्याचं नाव एसएचए३ होतं, शेवटी ०.५.० आवृत्तीत ते काढून टाकलं. शेक१२८ (एसएचए-३ च्या स्टँडर्डमधलं, हव्या तेवढ्या लांबीचा आउटपुट देणारं फंक्शन) मधला आकडा सुरक्षेची पातळी सांगतो, आउटपुटची लांबी नाही, ती दरवेळी वेगळी लिहायलाच हवी.

प्रकाशित करण्याआधी डॉक्युमेंटमध्ये एसएचए शोधून प्रत्येक ठिकाण डोळ्याने तपासा. आणि प्रत्येक फंक्शनसाठी ‘एबीसी’ या इनपुटचा पूर्ण आउटपुट परिशिष्टात द्या, म्हणजे नाव वाचून कोणाचा गैरसमज झालाच तर पहिल्याच टेस्टमध्ये पकडला जाईल.