बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून पेशंटला सोलापूरला घरी आणताय? मग हे बघून ठेवा

धाकट्या भावाला सेल मीच दिले, म्हणून कळकळीने सांगतोय. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग 3 दिवस 500 च्या वर राहिले की नवीन मॅरोने धरलं म्हणतात, पण इम्युनिटी आली असं समजू नका, टी सेल (परकं ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) नीट तयार व्हायला वर्षभर किंवा जास्तही लागतं, तोवर गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत न्यायचं नाही म्हणजे नाही.

खरं लक्ष डोनरच्या टी सेलवर ठेवा. ते उरलेला कॅन्सर मारतात हे चांगलंच, पण पेशंटचं अंगच परकं समजून त्यावरही तुटून पडतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. रोज आंघोळीनंतर उजेडात तळहात, तळपाय, कानामागे बघायचं. भावाचे तळहात लाल झाले, आम्ही उन्हाने असेल म्हणून 2 दिवस घालवले, तुम्ही नका घालवू. पुरळ, जुलाब, पिवळे डोळे किंवा 100.4 च्या वर ताप, रात्र असली तरी फोन लावा. आपल्याकडचं ऊन तर त्वचेचा जीव्हीएचडी भडकवू शकतं, फुल बाह्या आणि टोपी पाहिजेच.

आणि हो, टॅक्रोलिमसची (जीव्हीएचडी रोखायला इम्युनिटी दाबणारं औषध) रक्तातली लेव्हल तपासायची त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच, नाहीतर रिपोर्ट उगाच जास्त येतो.