कॉकाटीलला नुसत्या बियांवर ठेवू नका
कॉकाटील म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट. बरेच जण त्याला वाटीभर राळं-बाजरी अन् सूर्यफुलाच्या बिया टाकून मोकळे होतात, पण त्यानं नुसतं फॅट वाढतं, अ जीवनसत्त्व अन् कॅल्शियम नीट मिळतच नाही. पक्षी जेमतेम 80-100 ग्रॅमचा, त्याला सूर्यफुलाच्या दोन-चार बिया खाऊ म्हणून पुष्कळ झाल्या. रोजच्याला पेलेट (पक्ष्यांसाठीचा तयार गोळ्यांचा खुराक) ठेवा, पण एकदम बदलू नका, थोडंथोडं मिसळत काही आठवडे घ्या अन् खातोय का ते बघत राहा, कारण नवीन दाणा ओळखला नाही तर हा सरळ उपाशी बसतो. सोबत शेवग्याचा पाला, कोथिंबीर, किसलेलं गाजर, सगळं नीट धुऊन, फवारणीचा काय भरवसा. पिंजऱ्यात कटलबोन (समुद्रफेण, कॅल्शियमसाठी) लावा. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचं कोवळं कणीस पानं काढून टांगा, एकेक दाणा सोलत बसतो, लई आवडतं. वाटीत वर टरफलं साचून वाटी भरलेली दिसते, म्हणून रोज फुंकर मारून बघायचंच. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात चिरलेली भाजी दोन तासांत काढा, पाणी दोनदा बदला. अव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा, खारं फरसाण अजिबात नाही, पाहुण्यांनाही सांगून ठेवा.