विभागाच्या म्युझियममधले नमुने जपताना या चुका टाळा

प्राणिशास्त्र विभागातल्या काचेच्या कपाटांकडे वर्षानुवर्षं कुणाचं लक्ष नसतं. मग नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) समिती येणार असं कळतं आणि आठवडाभरात सगळं चकाचक करायचं ठरतं. पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या खरवडून रंगीत प्रिंट चिकटवले जातात, तपकिरी झालेलं द्रावण बेसिनमध्ये ओतलं जातं आणि सगळ्या बरण्या एकाच कॅनमधल्या फॉर्मॅलिननं (फॉर्मल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणानं) काठोकाठ भरल्या जातात. माझ्या मते कित्येक वर्षांच्या दुर्लक्षापेक्षा या एका आठवड्यातली घाई नमुन्यांना जास्त मारक ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०११ च्या मार्गदर्शक सूचनांपासून वर्गातलं विच्छेदन आणि त्यासाठी प्राणी पकडणं टप्प्याटप्प्यानं बंद करत आणलं. त्यामुळे कपाटात आहे तोच साठा. तो गेला तर भरून निघणार नाही.

जुनी चिठ्ठी काढणं

सगळ्यांत मोठी चूक हीच. नव्या छापील लेबलवर शास्त्रीय नाव, संघ, वर्ग आणि परीक्षेपुरत्या दोन ओळी असतात. जुन्या चिठ्ठीवर प्राणी कुठे, कधी आणि कुणाला मिळाला ते असतं. नाव चुकलं असेल तर तज्ज्ञ नमुना पाहून ते दुरुस्त करू शकतो. ठिकाण आणि तारीख नमुन्याकडे कितीही पाहिलं तरी कळत नाही.

चिठ्ठीवरच्या एका ओळीचं वजन किती असतं, ते रानपिंगळ्याच्या बाबतीत दिसलं. ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञानं या घुबडाचं वर्णन १८७३ मध्ये केलं. खात्रीचा शेवटचा नमुना १८८४ चा, आणि त्यानंतर हा पक्षी जणू नाहीसाच झाला. जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानं खानदेशात जमवलेले रानपिंगळे लंडनच्या संग्रहालयात होते. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहकानं त्यांतला एक चोरला, त्याचं कातडं पुन्हा भरलं आणि १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ तो आपणच मिळवला अशी चिठ्ठी त्याला बांधली. ही नोंद कित्येक दशकं खरी मानली गेली. पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञांनी नमुना बारकाईनं तपासला, तेव्हा भरण्याची मूळ पद्धत डेव्हिडसनची असल्याचं दिसलं आणि खोटेपणा उघडा पडला. ती नोंद बाजूला ठेवून, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरून शोध घेतला गेला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. म्हणजे ११३ वर्षांनी.

म्हणून जुनी चिठ्ठी फाटकी असली तरी ठेवा. नवी हवी असेल तर तिच्या शेजारी लावा. बाहेरची चिठ्ठी सुटायला आली असेल तर आधी फोटो काढा, मग ती छोट्या पारदर्शक पाकिटात घालून त्यावर नमुन्याचा क्रमांक लिहा. बरणीच्या आतही एक चिठ्ठी हवीच, कारण बाहेरच्या चिठ्ठीची खळ कसर खाते. आतली चिठ्ठी चांगल्या जाड कागदावर पेन्सिलनं लिहा. बॉलपेन आणि जेलपेनची शाई स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, विरघळते. लेझर प्रिंटची अक्षरं काही काळानं सुटून बरणीच्या तळाशी जमा होतात.

चिठ्ठी हरवलीच असेल तर अंदाजानं ‘रत्नागिरी’ लिहू नका. ‘ठिकाण अज्ञात’ लिहा आणि डेडस्टॉक रजिस्टर (विभागातल्या कायम वस्तूंची नोंदवही), जुने टूर रिपोर्ट, निवृत्त सरांच्या वह्या धुंडाळा. खूपदा क्रमांकावरून धागा लागतो.

बरणीत काय आहे ते न पाहता भर घालणं

स्पिरिटच्या बरणीत फॉर्मॅलिन किंवा फॉर्मॅलिनच्या बरणीत स्पिरिट ओतलं जातं, कारण दोन्ही पाण्यासारखी दिसतात. नाक लावून ओळखू नका. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. थोडं द्रावण काढून त्यात हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी नळी) सोडा. सत्तर टक्के अल्कोहोलची घनता साधारण ०.८९ असते. आकडा १ च्या आसपास किंवा वर असेल तर ते अल्कोहोल नाही, किंवा त्यातलं अल्कोहोल जवळपास उडून गेलेलं आहे.

हा उडण्याचा मुद्दा फार जण विसरतात. पातळी खाली जाते तेव्हा पाण्यापेक्षा अल्कोहोल लवकर उडालेलं असतं. उरलेलं द्रावण सत्तर टक्क्यांपेक्षा सौम्य झालेलं असतं, त्यामुळे वरून सत्तर टक्क्यांचंच घातलं तर ते सत्तरवर येत नाही. आधी मोजा, मग गरजेप्रमाणे कडक स्पिरिट घालून वर आणा. ताजं करायचं असेल तर ९५ टक्क्यांचं रेक्टिफाइड स्पिरिट सुमारे ७४० मिली घेऊन डिस्टिल्ड वॉटरनं एक लिटर करा. नळाचं पाणी वापरलं तर पांढरा गाळ बसतो. पातळी उतरण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा झाकणात असतं. तडकलेलं बॅकेलाइट किंवा गंजलेला पत्रा बदला. वर थोडी जागा सोडा, नाहीतर मे महिन्यात द्रावण फुगून झाकण सैल होतं.

फॉर्मॅलिनचा त्रास वेगळा. ते जुनं होतं तसं त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि चुना विरघळू लागतो. तारामासा हात लावताच तुटत असेल, शिंपला निस्तेज आणि खडबडीत झाला असेल, माशाची हाडं मऊ पडली असतील, तर आम्लता दाखवणारी पीएच पट्टी बुडवून पाहा. शिंपले, तारामासे, समुद्री अर्चिन यांची खरी जागा स्पिरिटमध्ये. बाकी नमुन्यांसाठी बफर (आम्लता वाढू न देणारे क्षार) घातलेलं फॉर्मॅलिन करा: बाटलीतलं मूळ फॉर्मॅलिन १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. यालाच दहा टक्के फॉर्मॅलिन म्हणतात. त्यात फॉर्मल्डिहाइड जेमतेम चार टक्के असतं, म्हणून दहाचा आकडा पाहून ते आणखी कडक करू नका.

फॉर्मॅलिनमधून स्पिरिटमध्ये नेताना नमुना आधी पाण्यात धुवा, मग तीस, पन्नास, सत्तर अशा टप्प्यांनी न्या. एकदम टाकला तर गांडूळ, जळू, गोगलगाय आक्रसतात. द्रावण तपकिरी झालं म्हणजे नमुना सडला असं नाही. बहुतेकदा चरबी आणि रंग उतरलेले असतात. नमुना दिसतो आहे आणि द्रावणाची ताकद बरोबर आहे, तर राहू द्या.

कीटकपेट्या आणि पेंढा भरलेले प्राणी

किड्याखाली बारीक भुकटी दिसली की पेटीत डर्मेस्टिड भुंगेऱ्याची अळी आहे असं समजा. डांबरगोळ्या तिला मारत नाहीत. त्या जेमतेम दूर ठेवतात, आणि त्यांचा वास माणसालाही बरा नाही. नॅफ्थलीन आणि पॅराडायक्लोरोबेन्झीन या दोन प्रकारच्या गोळ्या एकाच पेटीत ठेवू नका. दोन्ही मिळून पाघळतात आणि डाग पडतात. पेटीत थर्मोकोल असेल तर पॅराडायक्लोरोबेन्झीन त्यालाही विरघळवतं. खात्रीचा उपाय म्हणजे पेटी पॉलिथिनमध्ये घट्ट बंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवणं. बाहेर काढल्यावर किमान एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर गार नमुन्यावर ओल धरते आणि बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं. टाचण्या ऑफिसच्या नकोत, त्या कोकणातल्या एका पावसाळ्यात गंजतात.

पेंढा भरलेले जुने पक्षी-प्राणी विद्यार्थ्यांच्या हातात देऊ नका. कातडं टिकावं म्हणून पूर्वी त्यांना आतून आर्सेनिकचा साबण लावत, आणि ते अजून तिथंच असतं. ओल्या फडक्यानं पुसणं, तोंडानं फुंकर मारणं, दोन्ही टाळा. हातमोजे, मास्क आणि मऊ ब्रश वापरा.

एसी दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवायचा असेल तर न लावलेलाच बरा. रोजच्या चढउतारानं कातडं फाटतं आणि ओल धरते. खिडकीचं ऊन अडवा, एवढं पुरे.

निर्लेखन (नमुना नोंदीतून काढून टाकणं) करताना

खराब दिसतो म्हणून नमुना भंगारात देऊ नका. जुन्या कपाटांत कासव, मोर, खवल्या मांजर, समुद्रघोडा, प्रवाळ असं बरंच काही असतं, आणि ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतं. दुसऱ्या कॉलेजला भेट द्यायचं असलं तरी आधी वनविभागाशी पत्रव्यवहार करा. काही दुर्मीळ वाटलं तर पुण्याजवळच्या आकुर्डीतल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्राला विचारा. जुनं फॉर्मॅलिन बेसिनमध्ये न ओतता घातक कचऱ्याच्या अधिकृत यंत्रणेकडे द्या, आणि कुठली बरणी कधी, कशासाठी उघडली ते रजिस्टरमध्ये तारखेसह लिहा.