शिशाचा हिशेब चुकतो कुठे? आरओएचएसबाबत (विद्युत मालातल्या घातक पदार्थांवरच्या मर्यादांबाबत) या चुका टाळा

चार्जर, यूपीएस किंवा एलईडी दिवे बनवणाऱ्या भोसरीतल्या कुठल्याही छोट्या युनिटमध्ये हा हिशेब ऐकायला मिळेल: "अर्ध्या किलोच्या मालात एक ग्रॅम सोल्डर (जोड पक्के करायचा, वितळणारा मिश्रधातू). त्यात शिसं ०.३७ ग्रॅम, म्हणजे ०.०७४ टक्के. मर्यादा ०.१ ची आहे, मग अडचण काय?"

गुणाकार बरोबर, पण भागलं चुकीच्या वजनाने. टक्केवारी अख्ख्या मालावर काढायचीच नसते. यंत्राने आणखी वेगळा करता येत नाही अशा प्रत्येक एकजिनसी पदार्थावर ती काढतात. सोल्डरचा टाका हा असा स्वतंत्र पदार्थ, आणि ६३/३७ च्या (६३ भाग कथील, ३७ भाग शिसं) तारेत शिसं तब्बल ३७ टक्के! १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत शिसं, पारा, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, पीबीबी आणि पीबीडीई (प्लास्टिकला आग लागू नये म्हणून घालतात ती ब्रोमीनयुक्त रसायनं) यांना ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. कॅडमियमला फक्त ०.०१.

खरी गोची होते रिपेअरच्या टेबलावर. लाइनवर शिसेविरहित सोल्डर, कागदपत्रं चोख, आणि कोपऱ्यात पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेलं ६३/३७ चं रीळ. कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. ते १८३ अंशांना वितळतं, शिसेविरहित सोल्डरला २१७ च्या पुढे जावं लागतं. पण एका टाक्याला ती तार लागली की तो बोर्ड गेला. रीळ हॉलबाहेर काढा. ज्या बिटवर (सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक) ती तार वापरली ते बिटही बदला, नुसतं पुसून भागत नाही.

एक्सआरएफ गनच्या (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं हातातलं यंत्र) आकड्यावर लगेच निकाल देऊ नका. ती एकूण क्रोमियम आणि एकूण ब्रोमीन दाखवते. क्रोमियम जास्त आलं म्हणजे ते हेक्झाव्हॅलंटच, किंवा ब्रोमीन जास्त आलं म्हणजे पीबीडीई आहेच असं नाही. नमुना लॅबला पाठवा.

सप्लायरचं पत्र फाइलला लावलं की काम संपलं, असंही नाही. ग्राहकाला द्यायच्या माहितीपुस्तिकेत आरओएचएसची घोषणा छापावी लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ बाजारातून नमुने उचलू शकतं, तपासणीचा खर्च उत्पादकाच्या माथी. नापास झाल्यास माल परत मागवावा लागतो.

माल युरोपला जाणार असेल तर भारतीय यादीतले सहा पदार्थ तपासून भागणार नाही. तिथे चार थॅलेट्सही (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) आहेत, आणि ती सापडतात बहुतेक केबलच्या मऊ पीव्हीसीत. ऑर्डर घेण्याआधीच केबलवाल्याकडून रिपोर्ट मागवा.